माउंट व्हिन्सन: अंटार्क्टिकातल्या सर्वांत उंच शिखराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सात खंडांची सात सर्वोच्च शिखरं म्हणून दाखवा म्हटलं की एव्हरेस्ट आणि किलिमांजारो झटक्यात येतात. व्हिन्सनपाशी मात्र भले भले अडखळतात. ट्रेकिंगच्या गप्पांत, शाळेतल्या मुलांकडून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. मी तिथं गेलेलो नाही, जाण्याइतके पैसेही नाहीत. नकाशे आणि अहवाल वाचायचा नाद मात्र जुना आहे.

व्हिन्सन नेमकं कुठं आहे?

पश्चिम अंटार्क्टिकात, एल्सवर्थ पर्वताच्या सेंटिनेल रांगेत. अक्षांश साधारण ७८° ३१′ दक्षिण, रेखांश ८५° ३७′ पश्चिम. दक्षिण ध्रुव इथून सुमारे १,२८० किमीवर, म्हणजे शिखर ध्रुवावर नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून आधीच सांगून टाकतो.

एल्सवर्थ पर्वत सुमारे ३६० किमी लांब आणि ४८ किमी रुंद आहे. मिनेसोटा हिमनदी मधून जाऊन त्याचे दोन भाग करते: उत्तरेला उंच, टोकदार सेंटिनेल रांग आणि दक्षिणेला तुलनेनं बुटकी हेरिटेज रांग. पूर्वेला रॉन हिमकपाट, म्हणजे समुद्रावर तरंगणारा बर्फाचा अवाढव्य पत्रा. पश्चिमेला नजर पोचेल तिथवर बर्फाचं पठार.

उंची किती? आमच्या जुन्या पुस्तकात ५,१४० मीटर लिहिलंय.

आजचा मान्य आकडा ४,८९२ मीटर. जुनं पुस्तक खोटं बोलत नव्हतं, सुरुवातीच्या मोजणीत ५,१४० मीटरच आलं होतं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि पायाखाली बर्फ, अशा ठिकाणी डोंगराच्या पायथ्याची उंचीच आधी अंदाजानं धरावी लागते. तिथं चूक झाली की ती थेट माथ्यापर्यंत जाते. १९७९-८० च्या अमेरिकी सर्वेक्षणात आकडा ४,८९७ वर आला. २००४ मध्ये गिर्यारोहकांनी जीपीएस यंत्र शिखरावर नेऊन ठेवलं, तेव्हा ४,८९२ मिळाला.

डोळ्यासमोर आणायचं तर कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर व्हिन्सनपेक्षा ४६ मीटर जास्तच भरतील.

माउंट व्हिन्सन आणि व्हिन्सन मासिफ एकच का?

नाही. मासिफ म्हणजे सगळा डोंगरसमूह, सुमारे २१ किमी लांब आणि १३ किमी रुंद, त्यावर अनेक शिखरं. त्यातलं सर्वांत उंच ते माउंट व्हिन्सन. २००६ पर्यंत दोन्हींना एकच नाव सर्रास वापरलं जाई. त्या वर्षी अमेरिकेच्या नामकरण समितीनं दोन्ही नावं अधिकृतपणे वेगळी केली.

हा डोंगर बर्फाचा आहे की दगडाचा?

दगडाचा. बर्फ वरून चढलेला आहे. माथ्याजवळचा खडक मुख्यतः क्वार्ट्झाइट, म्हणजे भाजून-दाबून लोखंडासारखा टणक झालेला वालुकाश्म. ही रांग ज्वालामुखीतून झालेली नाही. आपल्याकडे डोंगर म्हटला की बसाल्ट, त्यामुळे हा प्रश्न सह्याद्रीत फिरणारेच जास्त विचारतात. एल्सवर्थचे थर समुद्रतळाशी साचले, मग चेपून वळ्या पडून उभे राहिले. हेरिटेज रांगेतल्या चुनखडकांत ट्रायलोबाइट या प्राचीन समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात.

बर्फाखाली काय आहे?

माझ्या मते व्हिन्सनबद्दल विचारावा असा खरा प्रश्न हाच. ४,८९२ हा आकडा म्हणजे दिसणारा भाग. डोंगर त्याहून पुष्कळ मोठा आहे.

सेंटिनेल रांगेच्या पूर्व पायथ्याशी रटफोर्ड नावाचा हिमप्रवाह वाहतो. जवळपास ३०० किमी लांब, २५ किमीच्या आसपास रुंद आणि दोन-तीन किलोमीटर जाड. दिसायला स्तब्ध पांढरं मैदान, पण तो दिवसाला सुमारे एक मीटर सरकतो. पुढं जिथं तो तरंगू लागतो तिथल्या समुद्राच्या भरती-ओहोटीनं त्याचा वेग कमी-जास्त होतो, आणि हा परिणाम कित्येक किलोमीटर आत जमिनीवर टेकलेल्या बर्फापर्यंत जाणवतो. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी गरम पाण्याच्या फवाऱ्यानं या प्रवाहाला भोक पाडलं. ६३ तास सलग काम केल्यावर २,१५२ मीटर खोलीवर तळ लागला. तळाशी गाळ होता, आणि तो तळ समुद्रसपाटीच्या बराच खाली.

आता बर्फ नाही असं समजून बघा. रटफोर्डची दरी समुद्रसपाटीखाली दीड-दोन किमी आणि तिथून काही दशक किलोमीटरवर व्हिन्सनचा माथा. म्हणजे खडकाचा चढ साडेसहा ते सात किलोमीटरचा. एवढी उठावदार भिंत हिमालयातही क्वचितच मिळते. फक्त इथं तिचा खालचा भाग बर्फात बुडालेला आहे, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय दिसू नयेत तसा.

मग सगळा बर्फ वितळला तर?

अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ गेला तर जगभरातला समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, तेव्हा व्हिन्सन बघायला मुंबई-पणजीहून निघणारं कुणी उरणार नाही. भूगोलापुरतं उत्तर असं की पूर्व अंटार्क्टिका मोठा भूखंड म्हणून राहील, पश्चिमेचा मोठा भाग समुद्रतळ होईल आणि एल्सवर्थ पर्वत त्या समुद्राकाठचा कडा बनेल.

उलट दिशेचा पुरावाही डोंगरावरच आहे. सेंटिनेल रांगेच्या कड्यांवर आजच्या बर्फाच्या पातळीपासून शेकडो मीटर वर एक रेघ दिसते. तिच्या खाली खडक घासून गुळगुळीत, तिच्या वर झिजून करवतीसारखा दातेरी. एके काळी बर्फ तिथवर होता. धरण आटल्यावर काठाच्या खडकांवर पाण्याच्या पातळीचा पट्टा राहतो, त्याचाच हा भाऊ समजा.

फोटोत एका बाजूनं डोंगर छातीवर येतो आणि दुसरीकडून सपाट वाटतो. का?

कारण तो सह्याद्रीसारखा आहे, फक्त आरशातला. सह्याद्री पश्चिमेला कोकणात कोसळतो आणि पूर्वेला देशावर हळूहळू उतरतो. सेंटिनेल रांग पूर्वेला खोल रटफोर्डपर्यंत उतरते, पश्चिमेला मात्र उंच पठारापाशीच थांबते. कारण पश्चिमेचा बर्फच मुळात उंचावर साचलेला. ही रांग बांधासारखी आडवी उभी राहून तो अडवते, त्यामुळे त्या बाजूनं डोंगर कमी उंच भासतो. चढाईचा नेहमीचा मार्ग पश्चिमेकडून, ब्रॅन्सकोंब हिमनदीवरून जातो, यात नवल नाही.

याचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध आहे का, की ओढूनताणून?

आहे, आणि तो चंद्रपूरशी आहे.

सेंटिनेल रांगेच्या उत्तर टोकाला पोलरस्टार नावाचे काळपट शेलचे, म्हणजे चिखल दबून झालेल्या पापुद्रेदार खडकाचे, थर आहेत. त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्यापासून कडेकडे जाणारं बारीक जाळं. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ, त्यावरून हे नाव. हीच पानं वर्धा खोऱ्यातल्या आणि उमरेडच्या कोळशाच्या थरांत मिळतात. कोळशाबरोबर निघालेली शेलची चिपाटी उन्हाकडे तिरकी धरली की ती शीर उठून दिसते. चंद्रपूरचं वीजकेंद्र ज्या कोळशावर चालतं, तो याच वनस्पतींच्या रानातून झालेला आहे.

आणखी खोल जा. पोलरस्टारच्या खाली व्हाइटआउट नावाचा दगडगोट्यांचा जाड थर आहे, जुन्या हिमनद्यांनी आणून टाकलेला. आपल्याकडे कोळशाच्या खाली तालचेर थर असतो, तोही हिमनद्यांनीच टाकलेला. चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा-पैनगंगा संगमाजवळ इरई गावापाशी चुनखडकावर त्या हिमनद्यांनी ओरबाडल्याच्या रेघा आहेत. मे महिन्यात ४६-४७ अंशांत भाजणाऱ्या जिल्ह्यात बर्फाचे ओरखडे! मला या सगळ्या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट हीच वाटते.

खुलासा सोपा आहे: सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हे दोन्ही प्रदेश एकाच महाखंडात होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवाना, आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. पुढं महाखंड फुटला. आपला तुकडा उत्तरेला येऊन आशियाला धडकला, अंटार्क्टिका ध्रुवावर थांबलं. एल्सवर्थच्या तुकड्याची तर त्या फाटाफुटीत स्वतःभोवती गिरकी झाली. त्याच्या वळ्यांची दिशा अंटार्क्टिकाच्या मुख्य पर्वतरांगेशी जवळपास काटकोनात आहे, आणि थरांचा क्रम जुळतो तो दक्षिण आफ्रिकेच्या केपकडच्या पर्वतांशी. तिथून तो सुटून, सुमारे ९० अंशांत वळून आजच्या जागी आला, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

अंटार्क्टिकात पिरॅमिड सापडला तो हाच का?

तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा पिरॅमिड याच एल्सवर्थ पर्वतात आहे, पण व्हिन्सन नव्हे. हेरिटेज रांगेच्या दक्षिणेला १,२६५ मीटर उंचीचं एक बिननावाचं शिखर आहे. वरून पाहिलं तर चार बाजू, बऱ्यापैकी चौकोनी पाया. २०१६ च्या सुमारास त्याचे फोटो फिरले आणि परग्रहवासीयांपासून बुडालेल्या संस्कृतीपर्यंत सगळं त्याला चिकटलं. प्रत्यक्षात भेगांत शिरलेलं पाणी गोठून खडक फोडतं आणि हिमनद्या चहूबाजूंनी डोंगर कोरतात, तेव्हा अशी टोकं तयार होतात. आल्प्समधलं मॅटरहॉर्नही तसंच घडलं. पुढच्या वेळी काकांनी फॉरवर्ड केलं तर हे उत्तर चिकटवा.

तिथं सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते ना?

ते ठीक ध्रुवावर. व्हिन्सनला साधारण २२-२३ ऑक्टोबर ते १९-२० फेब्रुवारी सूर्य मावळत नाही, आणि एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत उगवत नाही. मधल्या काळात आपल्यासारखे, पण झपाट्यानं वाढणारे किंवा घटणारे दिवस.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांवर आणि ‘मध्यरात्री’ १२ अंशांवर असतो. तो डोक्यावर येतच नाही. गोल गोल फिरतो, तोही आपल्याला सवय नसलेल्या दिशेनं: उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडून डावीकडे. म्हणून तिथं रात्र घड्याळावर ठरत नाही, कड्यावर ठरते. सूर्य एखाद्या धारेआड गेला की तंबू काही तास सावलीत जातो आणि पारा एकदम उतरतो. उन्हात ज्यांनी वरचं जाकीट काढलेलं असतं ते दहा मिनिटांत स्लीपिंग बॅगेत शिरतात. निघायची वेळही ऊन कड्यावरून केव्हा उतरणार ते बघून ठरवतात. आपल्याकडे उन्हाच्या आधी गड गाठायची घाई, तिथं उन्हाची वाट बघत बसायचं.

थंडी किती? बर्फ सारखा पडतो का?

भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, माथ्याजवळ उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. वारा सुटला तर अंगाला त्याहून कितीतरी जास्त बोचते. हिमवर्षाव मात्र कमी, कारण अंटार्क्टिकाचा आतला भाग तांत्रिकदृष्ट्या वाळवंटच आहे. पडतो थोडा, वितळत नाही, म्हणून हजारो वर्षांचा साठा दिसतो. बेस कॅम्पवरचं हिम वाऱ्यानं इतकं घट्ट बसलेलं असतं की हातकरवतीनं विटांसारखे ठोकळे कापून तंबूभोवती भिंत रचतात. प्यायचं पाणीही तेच हिम स्टोव्हवर वितळवून. भांडंभर हिमाचं पाणी तळाशी दोन बोटं होतं.

लेहजवळच्या खारदुंग ला खिंडीत गाड्या जातात, ती ५,३५९ मीटरवर. मग ४,८९२ मध्ये अवघड काय?

प्रश्न बरोबर आहे. तांत्रिक चढाई म्हणून नेहमीचा मार्ग फार कठीण मानला जात नाही. तळ सुमारे २,१०० मीटरवर, खालचा कॅम्प २,७५० च्या आसपास, वरचा ३,७८० च्या आसपास. दोन कॅम्पांच्या मधे ३५ ते ४५ अंशांचा लांब उतार आहे, तिथं दोर लावलेले असतात.

अवघड आहे ते अंतर. हातपाय हिमदंशानं काळे पडले तर रस्ता नाही, गाव नाही, विमानही हवामान उघडेल तेव्हा. शिवाय ध्रुवाजवळ हवेचं आवरण विषुववृत्तापेक्षा पातळ असतं आणि थंड हवेत उंचीबरोबर दाब लवकर घटतो. त्यामुळे लडाखमधले ४,८९२ मीटर आणि इथले ४,८९२ मीटर छातीला सारखे लागत नाहीत, इथं जास्त लागतात.

हे शिखर शोधलं कुणी? आणि व्हिन्सन कोण?

अमेरिकन वैमानिक-संशोधक लिंकन एल्सवर्थनं २३ नोव्हेंबर १९३५ ला अंटार्क्टिका विमानानं ओलांडताना ही रांग पहिल्यांदा पाहिली. विमानाचं नाव ‘पोलर स्टार’, चालक हर्बर्ट हॉलिक-केन्यन. पानांच्या ठशांचा तो पोलरस्टार थर या विमानाचं नाव लावतो. सर्वोच्च शिखर मात्र त्याला दिसलंच नाही. ते अमेरिकी नौदलाच्या विमानांतून जानेवारी १९५८ मध्ये दिसलं. म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यावर माणूस पोचला तेव्हा एका खंडाचं सर्वोच्च शिखर अजून कुणी पाहिलेलंही नव्हतं.

कार्ल व्हिन्सन हे जॉर्जिया राज्यातले अमेरिकी खासदार. अंटार्क्टिक मोहिमांना सरकारी पाठबळ मिळवून देण्यात त्यांचा वाटा होता. आसपासची नावंही अशीच, नौदलाचे अधिकारी आणि वैमानिक. गंमत म्हणजे बारक्या शिखरांवर आणि हिमनद्यांवर बल्गेरियातल्या गावांची नावं भरपूर दिसतात, कारण बल्गेरियाच्या समितीनं या रांगेत नामकरणाचा धडाकाच लावला.

पहिलं कोण चढलं?

१८ डिसेंबर १९६६ ला बॅरी कॉर्बेट, जॉन एव्हान्स, बिल लाँग आणि पीट शोनिंग. मोहिमेचा नेता निकोलस क्लिंच. पुढच्या काही दिवसांत दहाही सदस्य माथ्यावर जाऊन आले. हा तोच शोनिंग, ज्यानं १९५३ मध्ये के२ वर घसरणाऱ्या साथीदारांना एकट्यानं दोरावर धरून ठेवलं होतं.

त्याच मोहिमेत कॉर्बेट आणि एव्हान्सनी माउंट टायरीही सर केलं. ते ४,८५२ मीटर, व्हिन्सनपेक्षा अवघं ४० मीटर कमी आणि चढायला कितीतरी कठीण. ‘सर्वोच्च’ ही पदवी नसल्यामुळे तिकडे क्वचितच कुणी फिरकतं.

तिथं जातात कसं?

चिलीच्या दक्षिण टोकाच्या पुंता अरेनासहून मोठ्या विमानानं चार-साडेचार तासांत युनियन हिमनदीवर. धावपट्टी निळ्या बर्फाची: डोंगरावरून उतरणारा वारा वरचं हिम झाडून नेतो, खाली काचेसारखा घट्ट बर्फ उरतो, त्यावर चाकांचं विमान उतरतं. तिथून स्की लावलेलं छोटं विमान पाऊण तासात तळावर सोडतं. कॅम्पवर घड्याळ चिलीचंच. खर्चाचा मोठा हिस्सा या विमानांचा.

हा डोंगर कुणाच्या मालकीचा?

कुणाच्याच नाही. चिलीचा दावा ५३ ते ९० अंश पश्चिम रेखांशांदरम्यान आहे, त्यात व्हिन्सन येतं. ब्रिटन आणि अर्जेंटिनाचे दावे त्याच्या अलीकडेच संपतात. पण १९५९ च्या अंटार्क्टिक करारानं सगळे दावे गोठवून ठेवले आहेत. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनं, म्हणजे त्याला जोडलेल्या पर्यावरणविषयक करारानं, खाणकामावर बंदी घातली. कचऱ्याचे नियमही कडक. गिर्यारोहकांना स्वतःची विष्ठासुद्धा पिशवीत भरून परत आणावी लागते. आपल्या गडांवरच्या बाटल्या आठवून मला इथं दर वेळी थोडी लाज वाटते.

पेंग्विन दिसतात का?

नाही. पेंग्विनांना समुद्र लागतो. उघड्या खडकांवर जगू शकतं ते दगडफूल, म्हणजे गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचे दूरचे नातेवाईक. अंटार्क्टिकात ते व्हिन्सनपेक्षाही दक्षिणेला आढळलेले आहेत.

भारताचं केंद्र तिथून जवळ आहे का?

नाही. ‘मैत्री’ सरळ रेषेत सुमारे २,६०० किमीवर आणि ‘भारती’ सुमारे ३,५०० किमीवर, दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात. दोन्हींचा कारभार गोव्यात वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर १९८१ ची पहिली भारतीय मोहीमही गोव्याहूनच निघाली होती.

भारतीय कुणी चढलंय का?

बरेच जण. आंध्रचे मल्ली मस्तान बाबू २००६ मध्ये. कृत्रिम पाय लावून एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा २०१९ मध्ये. मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलमध्ये बारावीत शिकणाऱ्या काम्या कार्तिकेयननं डिसेंबर २०२४ मध्ये व्हिन्सन सर करून सात शिखरं पुरी केली, तेव्हा ती १७ वर्षांची होती.

मोबाइलवरच्या नकाशात ते विचित्र का दिसतं?

कारण तो नकाशा ध्रुवांकडे ताणलेला असतो. व्हिन्सनच्या अक्षांशावर अंतरं सुमारे पाचपट फुगतात. उपग्रहचित्राच्या गोलावर जा, −७८.५२, −८५.६२ असं टाका आणि दृश्य तिरकं करून पूर्वेकडून बघा. खाली सपाट पांढरा दिसेल तो रटफोर्ड. त्यावर प्रवाहाच्या दिशेनं गेलेल्या लांब रेघा दिसेपर्यंत झूम करा.